साडूची कॉलर

साडूने परदेशी कंपनीचे शेअर घेतले, तेव्हापासून माझ्या अंगी जेवण लागेना. साडू म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचा नवरा, विमा कचेरीत कारकून. पण डिव्हिडंड आला की तोरा असा, जणू ती कंपनी यानंच काढलीय! "मास्तर, डॉलरमध्ये आलाय हं," म्हणत मोबाइल माझ्या नाकासमोर धरतो. जळतो मी. हो, जळतो! कबूल करायला माझ्या बापाचं काय जातंय?

माझं शिवणकामाचं दुकान. बायको वीस वर्षं शर्टांची काजं हातानं करतेय. आता तिच्या डोळ्यांना सारखं पाणी येतं. काजाच्या मशीनसाठी आम्ही पैसे जमवले होते. ते मी उचलले आणि साडूच्याच कंपनीचे शेअर घेतले. त्याचे शंभर, म्हणून मी एकशेदहा.

"मशीन भाड्यानं आणू," मी तिला सांगितलं. "वर्षाचं भाडं डिव्हिडंडमधून सुटतंय, आणि शेअर आपलेच राहतात."

"अहो, दाजींना एकदा विचारा तरी."

"त्या फुशारक्याला? मेलो तरी नाही."

तिनं बहिणीला सांगितलंच असणार. कारण महिन्याभरात साडू शर्टाचं कापड घेऊन आला आणि टेबलावर एक छापील कागद ठेवला.

"हा फॉर्म भरून दलालाकडे द्या, मास्तर. नाहीतर तिकडचं सरकार दुप्पट कर कापतं."

आला शहाणपण शिकवायला! मी मान हलवली आणि फॉर्म वाचलासुद्धा नाही. कागद मात्र छान जाड होता. कॉलरचा नमुना कापायला मला असाच कागद लागतो. साडूच्या शर्टाची कॉलर मी त्याच्याच फॉर्मवरून बेतली. कात्री चालवताना काय गार वाटलं म्हणून सांगू!

परवा डिव्हिडंड आला. शेअर दहा जास्त, आणि पैसे साडूपेक्षा कमी! मी तणतणत दलालाकडे गेलो.

"तुमचा फॉर्मच आला नाही ना," तिथली मुलगी म्हणाली. "त्यांचे पंधरा टक्के कापले गेले, तुमचे तीस. वर इथला कर भरायचाय तो वेगळाच."

"जास्तीचे परत मिळतील?"

"तिकडे अर्ज करावा लागेल. मिळतील त्याहून खर्च जास्त होईल, काका."

मशीनवाल्याला पूर्ण वर्षाचं भाडं आधी हवं होतं. तेवढे पैसे हाताशी नव्हते, तेव्हा त्यानं मशीन दुसऱ्या शिंप्याला दिलं.

आज साडू शर्ट घालून बघायला आला. आरशासमोर मान इकडेतिकडे वळवून म्हणाला, "वा, मास्तर! अशी कॉलर आजवर कुणी बसवली नव्हती. आणि तो फॉर्म दिलात ना?"

"दिला की," मी म्हणालो. "केव्हाच."

बायको कोपऱ्यात नमुने आवरत होती. कॉलरचा नमुना तिच्या हातात होता, छापील बाजू वर. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला, मग माझ्याकडे बघितलं.  

तिनं नमुना नीट दुमडून खणात ठेवला. साडूनं उतरवलेला शर्ट घेतला, डोळे पदरानं पुसले आणि पहिलं काज करायला सुईत दोरा ओवू लागली. दोरा तीनदा चुकला.