ट्रकच्या डाव्या आरशाचा संशय

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, ट्रकच्या डाव्या बाजूचा. स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागून कोण येतंय हे बघण्यासाठीच ज्याचा जन्म झाला, तो भोळा कसा असेल?

कारखान्यात माझी काच कापली, पाठीला चकचकीत लेप दिला आणि काळ्या चौकटीत बसवलं. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यात बघून आधी स्वतःचे केस सारखे केले आणि मग मला पास केलं. तेव्हापासून कुणाच्याही तपासणीवर माझा विश्वास नाही.

मग मी लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकवर आलो. आमचा रस्ता अरुंद. डावीकडे एका कारखान्याची लांबच लांब भिंत, उजवीकडे खोल गटार. मागे एखादी मोटार शहाण्यासारखी चालली की मला वाटायचं, ही आता घुसणार. आणि ती घुसायचीच! पण सर्वांत जास्त संशय मला सायकलवाल्यांचा. आत्ता माझ्यात दिसायचे, पुढच्या क्षणी गायब. अहो, माणूस काय हवेत विरतो?

आमचा ड्रायव्हर भला माणूस. रोज सकाळी ओल्या फडक्यानं मला पुसायचा आणि "हा माझा डावा डोळा" म्हणायचा. कौतुक कुणाला आवडत नाही? तरी मनात शंकेची पाल चुकचुकायचीच. याला सगळंच दाखवतोय का मी?

त्याच रस्त्यानं त्याचे सासरे सायकलवरून आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जायचे. एकदा एका मोटारीनं त्यांना गटारात घातलं होतं. त्या दिवसापासून इंजिन असलेली प्रत्येक वस्तू त्यांची वैरी झाली. "ट्रकवाल्याला मुलगी दिली, रस्ता देणार नाही!" असं ते चारचौघांत सांगायचे. इकडे जावयाला खात्री, की म्हातारा मुद्दाम आडवा येतो. दोघांचं हे असं, आणि मधल्या मध्ये त्या मुलीचा जीव टांगणीला. सकाळी दोघं एकाच रस्त्यावर असायचे ना!

एके दिवशी ती ट्रकमध्ये नवऱ्याशेजारी बसली होती. वखारीच्या फाटकाशी आम्हाला डावीकडे वळायचं होतं. वळायला अख्खा रस्ता लागणार आणि समोरून बस येत होती, म्हणून थांबलो.

"आले बघ तुझे बाबा मागून," ड्रायव्हर माझ्यात बघून हसला.

मीही पाहत होतो. ट्रक आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून सासरेबुवा मान ताठ ठेवून येत होते. जवळ आले, आणखी जवळ आले आणि नाहीसे झाले. माझ्यात नुसती भिंत उरली. मला तर ती भिंतसुद्धा खरी वाटेना.

बस गेली. ड्रायव्हरनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "वळले वाटतं कुठेतरी," असं म्हणून त्यानं चाक फिरवलं.

"कुठे वळणार? इथे गल्ली तरी आहे का?" तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि किंचाळली, "थांबा! अहो, थांबा!"

ब्रेक लागला. ट्रकचं नाक आणि भिंत यांच्यामध्ये सायकलचं हँडल वाकडं झालं होतं. सासरेबुवा भिंतीला पाठ लावून उभे होते. पण सावरल्यावर तोंड सुटलं ते सुटलंच.

"एवढा मोठा आरसा काय शोभेला लावलाय? आंधळा आहेस का?"

"बाबा, शपथेवर सांगतो, तुम्ही दिसला नाहीत."

"थापा मारू नकोस! एवढा धिप्पाड माणूस दिसत नाही?"

मुलगी खाली उतरली. तिनं वडिलांना हाताला धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं आणि वाकडी सायकल घेऊन ते होते तिथेच जाऊन उभी राहिली.

सासरेबुवांनी माझ्यात पाहिलं. डोळे बारीक केले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"आरशात ये की गं."

"मी इथेच आहे, बाबा."

"दिसत नाहीस." त्यांचा आवाज चिरकला. "मला दिसत नाहीस तू!"

ते घाईघाईनं खाली उतरले आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. जावयाकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही. जावयालाही नाही. तो बोनेटला टेकून रडत होता.

त्यानंतर ट्रकला खाली बघणारा आणखी एक गोल आरसा लागला. सासरेबुवा ट्रकच्या मागेच थांबायला लागले. पुढे माझी काच तडकली आणि मी एका पोत्यात जाऊन पडलो. आता मला कोणी पुसत नाही. धुळीचं दुःख आहेच, पण ते सोडा.

मित्रांनो, सायकलवर असताना शेजारी मोठी गाडी आली, तर तिच्या आरशात चालवणाऱ्याचा चेहरा शोधा. तो दिसला नाही, तर तुम्हीही त्याला दिसत नाही असं समजा आणि मागे थांबा. उद्या मोठे होऊन तुम्हीच गाडी चालवाल. तेव्हा आरसा रिकामा दिसला, तर त्याच्यावर विसंबू नका. चाक फिरवण्याआधी स्वतःला विचारा, मघाशी दिसलेला माणूस गेला कुठे?