पंधरा दिवसांचा शिक्का

आमच्या कॉलेजच्या फलकावर शिक्क्याशिवाय कागद लावायचा नाही, हा प्राचार्यांचा हुकूम. शिक्का माझ्या टेबलावर. सव्वीस वर्षं मी तो हाणते आहे. त्याचा अर्थ एवढाच, की या कागदाला पंधरा दिवस जागा दिली. सोळाव्या दिवशी शिपाई तो काढणार. आत काय लिहिलंय ते वाचणं माझं काम नव्हतं. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांना मात्र आम्ही कधी सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. दाराशी आली की पाच प्रश्न ठरलेले, म्हणून शिपाई तिला ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायचा. मला तिचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

परीक्षेच्या तोंडावर, मी अर्जांच्या ढिगात बुडालेली असताना ती आली.

“मॅडम, फलकावर ते घरबसल्या काम लावलंय ना, ते खरं आहे का? आपल्या खात्यात आलेले पैसे पुढे पाठवायचे म्हणतात. कंपनीचा पत्ताच नाहीये त्यावर.”

“शिक्का दिसत नाही का तुला?” मी मान वर न करताच म्हणाले. “साऱ्या कॉलेजात तुलाच बऱ्या शंका येतात!”

ती ओशाळून हसली आणि गेली.

दोन महिन्यांनी पोलीस आले. तिच्या खात्यातून पुढे गेलेले पैसे कुणाकुणाला फसवून लुबाडलेले होते. खातं गोठवलं. तिला खरीखुरी नोकरी लागली होती, पण रुजू होताना पोलिसांचा दाखला हवा होता. आता तो कोण देणार?

पोलीस कॉलेजात आले त्या सकाळी मी माझा खण उपसला. काढलेल्या नोटिसांच्या कोऱ्या बाजूवर मी चहाचा हिशेब लिहिते. घरबसल्या कामाचा तो कागद त्यातच सापडला. खाली माझा शिक्का, ठळक. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला. इतक्यात प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं.

“बाई, दोनच वर्षं राहिलीत तुमची. उगाच अंगावर ओढवून घेऊ नका.”

त्यांच्या खोलीत पोलीस अधिकारी होते, ती होती आणि तिचे वडील होते. ते घरं रंगवायचे. कामावरून तसेच आले होते, नखांत पांढरा रंग.

“कॉलेजात कुणी हे खरं आहे असं सांगितलं होतं का?” अधिकाऱ्यांनी तिला विचारलं. “तसं असेल तर तू फसलीस असं लिहिता येईल. नाहीतर तूही त्यांच्यातलीच धरली जाशील.”

“ऑफिसात विचारलं होतं,” ती म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी स्वतःहून बोलेन अशी तिची खात्री होती.

“बाई, तुम्हाला विचारलं होतं का?”

“दिवसाला शंभर पोरं येतात, साहेब. कोण काय विचारतं, आठवत नाही.”

माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. पर्स मांडीवरच होती.

तिचे वडील तिच्याकडे वळले. “एवढी शिकलीस आणि कुणाला धड विचारता आलं नाही तुला?”

तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला माझी किळस आली, तरी मी उठले नाही. तिची नोकरी गेली. प्रकरण अजून चालू आहे.

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी मोठ्या अक्षरांत सूचना छापून आणली: ‘नोकरीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीपासून सावध! शंका असल्यास आधी ऑफिसात विचारा.’ मी शिक्का मारला. सोळाव्या दिवशी शिपाई ती काढायला गेला, तर प्राचार्य म्हणाले, राहू दे, कायमची राहू दे.

आता मी प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पत्ता शोधते, फोन लावून बघते. सांगायला उत्तर तयार असतं. पण ती सूचना लागल्यापासून एकही पोर मला काही विचारायला आलेलं नाही.