आयोडीनचा उपास

"थांब, थांब. म्हणजे शरीराला कळतच नाही?" मालिनीताई टेबलावर मांडलेल्या शेंगदाण्यांवर जवळजवळ ओणव्या झाल्या.

निहार, त्यांचा जावई, ऑफिसातून थेट हॉलंडातल्या आर्नहेमला, त्यांच्या फ्लॅटवर, त्यांना न्यायला आला होता. उद्या सकाळी हॉस्पिटलात गोळी घ्यायची, म्हणून आजचा मुक्काम फेल्डहोवनला लेकीकडे. पण बाई जागच्या हलतील तर शपथ! आधी ती गोळी नेमकी करते काय ते मला समजावून सांग, मग बॅग उचल, असं त्यांनी फर्मावलं होतं. बिचाऱ्याने ओट्यावरचे डबे उघडले. शेंगदाणे म्हणजे प्रोटॉन, साबुदाणे म्हणजे न्यूट्रॉन, भोवताली मोहरी पसरली ते इलेक्ट्रॉन. निम्मी मोहरी अर्थातच जमिनीवर गेली.

आयोडीनच्या अणूत त्रेपन्न प्रोटॉन, त्याने सांगितलं. त्यातला एक जरी कमी-जास्त झाला तरी ते आयोडीन राहत नाही, दुसरंच काहीतरी होतं. साबुदाण्यांचं तसं नाही. मिठातल्या आयोडीनपेक्षा गोळीतल्या आयोडीनच्या पोटात चार साबुदाणे जास्त. ते त्याला पचत नाहीत, म्हणून ते फुटतं आणि आजूबाजूच्या पेशींना जाळतं. पण शरीराचा सगळा व्यवहार बाहेरच्या मोहरीशी, आणि मोहरी दोघांकडे सारखीच.

"नाही कळत, आई," निहार म्हणाला. "त्याला दोन्ही एकच वाटतात."

मालिनीताईंनी टाळीच वाजवली. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली होती आणि ती कॅन्सरची निघाली होती. मागे राहिलेल्या चुकार पेशी ह्या गोळीने मारायच्या. थायरॉइडला आयोडीन हवंच असतं, म्हणून आधी दोन आठवडे त्या पेशींना आयोडीनचा कणही द्यायचा नाही. मग गोळी आली की त्या अधाश्यासारख्या तिच्यावर तुटून पडणार आणि मरणार! केवढा हा बनाव. इतके दिवस बाईंना कॅन्सरची नुसती भीती वाटत होती, आज पहिल्यांदा त्यांना मजा वाटायला लागली.

आणि मजा वाटायला कारणही होतं. अमृता, त्यांची एकुलती एक लेक, पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती. गोळी घेतली की पुढचे तीन आठवडे तान्ह्या मुलांच्या आणि गर्भार बायकांच्या जवळ जायचं नाही, कारण अंगातून किरणं निघत असतात. उद्या गोळी घेतली की बाळ येईपर्यंत बाई मोकळ्या! नवरा गेल्यावर त्यांनी इथल्या पाळणाघरात नोकरी धरली आणि साठी ओलांडेपर्यंत दुसऱ्यांची गोरी गोरी पोरं कडेवर घेतली. त्यांचे ढेकर काढले, त्यांची शेंबडी नाकं पुसली. आता घरचं येणार होतं. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं ते तूच, घरी येणारी नर्स नको, असं अमृताने आधीच बजावलं होतं. मालिनीताईंनी त्यासाठी सांगलीहून दोन पाट मागवले होते. एक मोडला तर दुसरा.

"मग हे आयोडीन मिठाशिवाय आणखी कशात असतं रे?" त्यांनी आपलं सहज विचारलं.

निहार वाकून मोहरी वेचत होता. बेकरीतल्या ब्रेडमध्ये, तो म्हणाला, इथे ब्रेडला तसलंच मीठ वापरतात. मासे, अंडी. आणि दूध, दही, ताक सगळ्यात. पण हे तुम्हाला त्या आहारवाल्या बाईंनी सांगितलंच असेल की.

मालिनीताईंनी वळून पाहिलं. सिंकमध्ये त्यांचा दुपारचा ग्लास होता. इथलं कार्नेमेल्क म्हणजे आयतं ताकच, आणि दोन आठवडे त्यांनी ते सकाळ-दुपार प्यायलं होतं.

आता ह्याला काय म्हणावं! आहारवाल्या बाईने फोनवर 'मीठ' म्हटलं मात्र, मालिनीताईंनी तिला मधेच तोडलं. आम्हाला नका शिकवू, आमचा जन्म उपासात गेला. मग काय, साधं मीठ बंद, सैंधव सुरू. भगर, रताळी, दाण्याची आमटी, वर ताक, निजताना दूध. उपासाला दूध चालत नाही असं त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. देवाला चालतं ते डॉक्टरला का चालू नये?

गाडीत त्या नुसत्या खिडकीबाहेर बघत बसल्या. निहारला वाटलं, गोळीचं दडपण आलं असेल. त्याच्या मनात कशाला काय येतंय? फेल्डहोवनला अमृता दारातच उभी होती, पोट पुढे काढून, दुपट्यांचा गठ्ठा हातात घेऊन. पिवळं आधी वापरायचं की पांढरं, ह्यावर तिने आईचं मत मागितलं. बाईंनी पिवळं सांगितलं आणि तोंड धुवायला निघून गेल्या. आपण गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे, हा विचार त्यांनी त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा करून पाहिला. कुणालाच कळलं नसतं.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी हसून पथ्याचं विचारलं. निहारने डचमध्ये झोकात सांगितलं की सासूबाईंनी अगदी काटेकोर पाळलंय.

"नाही," मालिनीताई म्हणाल्या. "मी रोज ताक प्यायले. दूधसुद्धा."

उपासात दूध कसं काय, हे डॉक्टरीणबाईंना समजावता समजावता निहारला घाम फुटला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळी आज देता येणार नाही म्हणाल्या. पुन्हा दोन आठवडे पथ्य, त्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली तारीख. बाळाची तारीख त्याच्या पुढच्याच आठवड्यातली होती. हिशेब सासू-जावयाला एकदमच कळला.

बाहेर बाकावर अमृता बसली होती. ऐकल्यावर ती रडायलाच लागली. "आई, बोलली नसतीस तर काय बिघडलं असतं?"

"गोळी फुकट गेली असती. माझ्या पेशी ताक पिऊन तृप्त बसल्यात, अमृता. त्या कशाला खातील ती?" मालिनीताईंनी लेकीचे डोळे आपल्या पदराने पुसले. "बारशापुरतं जगायचं असतं ना, तर गप्पच बसले असते. मला हे पोर मोठं झालेलं बघायचंय."

पुढचं पथ्य त्यांनी असं केलं की काय बिशाद आयोडीनची! कोरी कॉफी, तेलातली भगर, दुकानात ताकाच्या फडताळाकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ठरल्या दिवशी गोळी गिळली आणि ती कामाला कधी लागते म्हणून तिथल्या नर्सला भंडावून सोडलं. पाचव्या दिवशी अमृताला मुलगी झाली. मालिनीताई आर्नहेमच्या फ्लॅटमध्ये एकट्याच फोन कानाला लावून नाचल्या, आणि फोन ठेवल्यावर पुष्कळ रडल्या.

मुलगी दहा दिवसांची झाल्यावर निहार दोघींना गाडीत घालून घेऊन आला. वर यायचं नाही, असं ठरलंच होतं. मालिनीताई सकाळपासून काठापदराची साडी नेसून दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या होत्या. खाली सायकलींच्या रस्त्यापलीकडे अमृता गाडीतून उतरली आणि तिने पिवळ्या दुपट्यातलं ते गाठोडं दोन्ही हातांवर वर धरलं. एक सायकलवाली म्हातारी थांबून कौतुकाने बघायला लागली.

"मानेखाली हात घे, मानेखाली!" बाई वरून ओरडल्या. नात जांभई देत होती. ती इथूनसुद्धा दिसली, आणि बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी गॅलरीच्या कठड्यावरून दोन्ही हात पुढे केले, खालच्या त्या इवल्या तोंडावरून फिरवावेत तसे हवेतून सावकाश फिरवले, आणि आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली.