खांबताईसाठी ठेवलेली चकती

साहेब, त्या बाईची मान तुमच्या मंजुरी समितीने जखडली. सर्जनच्या हातात फक्त स्क्रू होते.

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे, आणि तरी एकदाही वापरलेली नाही. वर-खाली धातू, मध्ये गुळगुळीत गादी. मानेतली झिजलेली चकती काढून तिथे मला बसवतात, म्हणजे तो सांधा हलता राहतो. माझ्यासारख्याच चकत्या कारखान्यात लाखो वेळा वाकवून पाहिल्या, तेव्हा कुठे मी रुग्णालयाच्या कपाटात आले.

तिथे सिस्टरने माझ्या डबीवर चिठ्ठी चिकटवली: खांबताई. सिस्टरची लेक तिच्याकडेच पोहायला शिकली होती. खांबताईच्या मानेचे काही मणके जन्मापासून एकमेकांना जोडलेले. म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव तिनेही हसून घेतलं होतं. जे सांधे हलत होते त्यांच्यावर सगळा भार, त्यातला एक झिजला. हाताला मुंग्या येऊ लागल्या.

सर्जनने तिला माझी डबी दाखवली.

"ही बसली की मला मागचं दिसेल?"

"मागचं नाही. पण आज वळते तेवढी मान वळत राहील."

"तेवढी पुरे. तेवढ्यावरच इतकी वर्षं पोरं सांभाळली की."

सर्जनने माझ्या खर्चाला तुमच्या समितीची मंजुरी मागितली. तुमचं उत्तर सिस्टरने कपाटाशीच वाचलं. 'मान मुळातच जखडलेली आहे. आणखी एक सांधा जखडल्याने विशेष फरक पडणार नाही.' म्हणजे ज्याच्याकडे थोडंच उरलंय, त्याचं तेही गेलं तरी चालतं.

सर्जनने तीनदा पत्र लिहिलं. सात महिने गेले. तलावाच्या काठावर शिट्टी तिच्या बोटांतून गळून पडू लागली. आणखी थांबलं तर हात जाणार होता. शेवटी धातूची पट्टी आणि स्क्रू लावून तो सांधाही जखडला.

आता ती तलावाच्या दारात पास तपासते. परवा रुग्णालयात आली होती. सिस्टरने मागून हाक मारली, तर ती पावलांसकट अख्खी वळली.

"आता कुठे नाव शोभतंय बघ," ती म्हणाली.

सिस्टर हसली नाही. माझ्या डबीवरची चिठ्ठी खरवडत राहिली. चिठ्ठी निघाली नाही. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपते, मग मी कचऱ्यात.

मित्रांनो, कोणी असं अख्खं अंग वळवून तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्हीच चार पावलं चालून समोर जा.

आणि साहेब, त्या कागदावर पाच सह्या आहेत. त्या पाचांपैकी कोणी तिला एकदा तरी समोर बसवून 'मान वळवा' म्हटलं होतं? कोणी, ते नाव सांगा.