बाबा पडले तो दिवस

आमच्या बालवाडीत साधा दिवस उगवतच नाही. बाई आल्या आल्या फळ्यावर लिहितात, आज बटणांचा दिवस, आज पुलाचा वाढदिवस, आज कुणीतरी पहिल्यांदा टेलिफोनवर बोललं तो दिवस. मग पोरं दिवसभर तेच करतात. बटणं निवडतात, ठोकळ्यांचा पूल बांधून फीत कापतात, दोऱ्याला कागदी पेले बांधून एकमेकांच्या कानात किंचाळतात. खेळता खेळता शिकतात म्हणे. शिकतातही, खोटं कशाला बोलू? पण मोरीच्या जाळीतून बटणं कोण उपसणार? मीच. मी इथली मावशी. झाडायचं, नाकं पुसायची आणि साबणाच्या फुग्यांच्या दिवशी सगळ्यांच्या आधी घसरून पडायचं, ही खाती माझ्याकडे.

बाईंचा एक नियम आहे. त्या दिवशी जे घडलं होतं ते पुन्हा करायचं, जसंच्या तसं. विमानांच्या दिवशी त्यांनी सांगितलं, की एक विमान पहिल्या खेपेला नाकावर आपटलं होतं. झालं! पोरांनी सगळी कागदी विमानं आपटून घेतली. एक पंख्याच्या दांडीत अडकलं, तर एक चष्मेवाली पोर, आमची वकिलीणबाई, भांडायला उठली, "ते पडलं नाही, ते चुकलं!" तेव्हा सगळे हसले. मीही हसले.

वर्गात एक मुंगी आहे. जे दिसेल ते उचलून दप्तरात भरते, म्हणून मुंगी. तिचा बाप रंगारी. गेल्या वर्षी शिडीवरून पडला आणि पायाचे तुकडे झाले. कितीतरी महिने अंथरुणात, मग काठी. काल तिला न्यायला आला तो बिनकाठीचा.

"मावशी, कंत्राटदाराने बोलावलंय. उद्या गाडी इथल्या फाटकाशीच येणार. उद्या नाही गेलो तर दुसरा घेणार म्हणाला."

"मग जा की रे! चांगलंच झालं," मी म्हटलं. तो हसला, पण मोकळ्या हाताचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

आज सकाळी मुंगीला तिची आई कामावर जाता जाता सोडून गेली. थोड्या वेळाने बाप धापा टाकत दारात. एका पायात कामाचा बूट, दुसऱ्यात चप्पल. फाटकाशी गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्न बडवतोय.

"मावशी, माझा बूट बघितला का? सगळं घर पालथं घातलं."

मला विचारायची गरजच नव्हती. मुंगी दप्तरावर बसली होती, अंडी उबवायला बसावं तशी.

"ऊठ गं," मी म्हटलं.

"नाही."

"अगं, बाबाचं काम जाईल!"

"जाऊ दे!" आणि तिने भोकाडच पसरलं. "आज बाबा पडले तो दिवस आहे. आई काल म्हणाली, उद्या बरोबर वर्ष होतं. आज बाबा परत पडणार. जसंच्या तसं. बाई म्हणतात!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं राणी, तसं नसतं. आपण फक्त आठवण काढतो."

"पण विमान आपण आपटलंच की," वकिलीणबाई म्हणाली.

माझं टाळकं सटकलं. घ्या, म्हटलं, अजून करा दिवस साजरे! बाप मुंगीसमोर उकिडवा बसला. "मी नाही पडणार, बाळा."

"नक्की?"

तो खाली मान घालून मला म्हणाला, "मावशी, वर्षभरात स्टुलावरसुद्धा चढलो नाही मी."

पोरीला कळलं होतं ते आम्हा मोठ्यांना कळलं नव्हतं. बूट सापडला नाही म्हणून तो घाबरला होता, आणि चढणं टळलं म्हणून थोडा सुटलाही होता.

मी अडगळीतून पंखे पुसायची शिडी ओढत आणली आणि वर्गाच्या मधोमध मांडली. "चढ. इथेच चढ, आत्ता. आणि बाई, तुम्ही लिहा फळ्यावर. त्याशिवाय ही कार्टी ऐकायची नाहीत."

बाईंनी लिहिलं, बाबा पडले तो दिवस. पोरं शहाण्यासारखी गोल करून उभी राहिली, रोज राहतात तशी. मुंगीने बूट काढून दिला आणि नाडी स्वतः बांधली, गाठीवर गाठ. मग शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारून डोळे मिटले. मी दुसरी बाजू धरली.

तो चढायला लागला. शिडी खडखडत होती. आधी वाटलं जमीन वाकडी आहे, मग कळलं, तो प्रत्येक पायरीवर पाय दोनदोनदा टेकवून बघतोय. बाहेर हॉर्न वाजत होता.

"आता पडायचं," वकिलीणबाईने सांगितलं.

कुणी हसलं नाही. त्याने हात वर केला, पंख्याच्या दांडीतलं विमान सोडवलं, खिशात घातलं आणि एकेक पाय चाचपत खाली आला. दोन्ही बूट फरशीवर टेकले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"चुकलं!" वकिलीणबाई पाय आपटत म्हणाली. "पडलेच नाहीत!"

मुंगीने डोळे उघडले. आधी बापाचे पाय बघितले, मग तोंड.

"चुकलं," ती म्हणाली. मग त्याची विजार धरून दम दिला, "पुढच्या वर्षीपण असंच चुकायचं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. तो लंगडत पळाला, गाडी हलली, आणि आमच्या दारात त्याची एक चप्पल राहिली. मी ती उचलणार तोच मुंगीने दप्तरात कोंबली.

"ही मी नाही देणार. त्यांना घ्यायला यावं लागेल."

दिवसभर ती दप्तर मांडीवर घेऊन बसली. खायलासुद्धा उठली नाही. संध्याकाळी बाप फाटकातून चालत आत आला, केसांत पांढरा रंग. मुंगीने आधी त्याचे पाय बघितले आणि मग दप्तर उघडलं.