दिवा शांत केला

कौतिकभाऊंच्या गॅरेजात गाडीतला बिघाड शोधणाऱ्या त्या यंत्राला ‘डबडं’ म्हणत. तिथला मेकॅनिक पितांबर याने ते एका ट्रकवाल्याच्या हाती दिल्लीहून मागवले होते. आकार साबणाच्या दोन वड्यांएवढा, एका टोकाला वायर, तोंडावर इवलीशी काच. नव्या, पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीला त्याची पिन जोडली की काचेवर एक आकडा उमटे आणि त्याचा अर्थ सोबतच्या झेरॉक्स कागदावर शोधावा लागे. तो अर्थही अर्धाच असे. रडणारे मूल पोटावर हात ठेवते, पण काय खाल्ले ते सांगत नाही, तसे ते यंत्र दुखरी जागा दाखवून गप्प बसे. पितांबरला त्याचे हे अपुरेपण जवळचे वाटे. त्याच्या स्वतःच्या बोलण्याचीही तीच गत होती.

नव्व्याण्णव सालचा वैशाख होता. अजिंठा चौफुलीवरची धूळ दिवसभर तापून संध्याकाळी खाली बसू लागली होती. शालिग्रामभाऊंची पांढरी गाडी गॅरेजसमोर उभी होती आणि तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा जळत होता.

“काय सांगस रे तुनं डबडं?” कौतिकभाऊंनी विचारले.

“इंजिन फिरतंय याची खूण पाठवणारा सेन्सर आहे ना, भाऊ, त्याची खूण मधेच तुटते. सेन्सर खराब असेल, नाहीतर वायर, नाहीतर जोड.”

“म्हणजे त्यालेबी नक्की माहीत नाही! इतलं त मी कान लाईसन सांगतू.” कौतिकभाऊ हसले आणि आतल्या गणपतीपुढे उदबत्ती लावायला गेले.

बाजूच्या लोखंडी खुर्चीवर शालिग्रामभाऊंच्या आई, बेबाबाई, पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. रक्त धुण्याचे जळगावातले यंत्र बंद पडल्यापासून त्यांना आठवड्यातून दोनदा धुळ्याला न्यावे लागे. मागच्या खेपेला हीच गाडी एरंडोलच्या अलीकडे बंद पडली आणि त्यांना तसेच परत यावे लागले. उद्याची खेप चुकली तर पाणी छातीत चढेल, असे डॉक्टरांनी फोनवर बजावले होते.

“पाय पाहा माझे,” अक्का पितांबरला म्हणाल्या, “केळीचे खांब झालेत नुसते. माझा पोरगा केळीचा व्यापारी ना, लावील एखाद्या दिवशी तराजूला.”

पितांबर हसला आणि पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. त्याने जोड साफ केला, वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत नेली. कुठे तुटलेली नव्हती. मग यंत्राचे बटण दाबून त्याने आकडा पुसून टाकला. पिवळा दिवा गेला. आकडा पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे त्याला ठाऊक होते. आकडा पुसायचा, गाडी फिरवायची आणि तो परत उमटतो का, याची वाट पाहायची. ती कामाची पद्धतच होती. तो मेहरूण तलावापर्यंत जाऊन आला. वाऱ्याला थोडा गारवा आला होता, इंजिन नीट चालले, दिवा परत लागला नाही. पण धुळ्याच्या रस्त्यावरचे दुपारचे ऊन या इंजिनाने आज सोसले नव्हते. उद्या अक्कांनी दुसऱ्या गाडीने जावे आणि दुपारी ही गाडी उन्हात चालवून पाहावी, असे त्याने मनाशी ठरवले.

तो परतला तेव्हा शालिग्रामभाऊ दारात वाटच पाहत होते.

“काय रे पितांबर? जमलं नसेल तर तसं सांग. गिरधरची भाड्याची जीप सांगून ठेवतो उद्याला.”

“तो दिवा, भाऊ... तो विझ...”

“ए!” आतून कौतिकभाऊ ओरडले. “दिवाबत्तीनी येळ शे. असं बोलू नको.”

या गॅरेजात विझणे हा शब्द तिन्हीसांजेला कोणी तोंडातून काढत नसे. दुकान बंद करायचे तर ते ‘वाढवायचे’ आणि समई गेली तर ती ‘शांत’ व्हायची. पितांबर ओशाळला आणि त्याने शब्द बदलला.

“दिवा शांत केला, भाऊ.”

शालिग्रामभाऊंच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले त्याला स्पष्ट दिसले.

“शांत केली ना? झालं तर मग!” ते आईकडे वळले. “अक्का, ऐकलं का? तुझ्या शनीची शांत केली, आता गाडीचीही झाली.”

“शनीची करून माझे पाय काही उतरले नाहीत,” अक्का म्हणाल्या. “पण तो दिवा मला आवडायचा रे. येताना अंधार पडला की सोबत वाटायची.”

केला आणि केली. एका स्वराची ती चूक पितांबरच्या कानाने टिपली होती. त्याने दिवा शांत केला होता. भाऊंनी मात्र ऐकली ती शांत, ग्रहाची पीडा घालवणारी. त्याला म्हणायचे होते, ‘भाऊ, दिवाच गेलाय, दोष आहे तिथेच असेल, उद्या जीपच सांगा.’ वाक्य मनात नीट लावून झाल्याशिवाय ते ओठांवर आणणे त्याला आयुष्यात कधी जमले नव्हते. तो ते लावत होता, तोवर अक्कांना हाताला धरून मागच्या सीटवर बसवले गेले, चावी फिरली, आणि गाडी चौफुलीवरच्या गर्दीत मिसळली.

सकाळी त्याने कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. शालिग्रामभाऊंच्या पत्नी मंदाबाईंनी उचलला. “ते तर केव्हाच निघाले. गाडी बेस झाली म्हणत होते.”

पितांबरने कौतिकभाऊंकडे मोटरसायकलची चावी मागितली. त्याचा चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता ती दिली.

एरंडोल गेले, पारोळे गेले. रस्त्याचे डांबर पाघळून चाकांना चिकटत होते आणि दोन्ही बाजूंची कापसाची नांगरलेली काळी शेते भेगा घेऊन पडली होती. पारोळ्याच्या पुढे एका ढाब्याजवळ त्याला ती गाडी दिसली, बॉनेट उघडलेली. तिच्यामागे एक ट्रक थांबला होता आणि शालिग्रामभाऊ ड्रायव्हरशी बोलत होते.

“आलास?” ते म्हणाले. आवाजात राग कमी आणि नवल जास्त होते. “चौथ्यांदा बंद पडली. थंड झाली की चालते, तापली की मरते. तू तर शांत केली म्हणाला होतास!”

पितांबर गाडीकडे वळला. त्याने डिकीतला पाण्याचा कॅन काढला आणि सेन्सरवर धार धरली. वाफ उठली. चावी फिरवताच इंजिन सुरू झाले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा परत आला होता. दोष आता पुरता उघडा पडला होता. सेन्सरच तापून आंधळा होत होता. उलगडा झाल्याचा एक क्षणभराचा, लाजिरवाणा आनंद त्याच्या मनाला शिवून गेला.

“चढवायचं का माताजींना?” ट्रकवाल्याने वरून विचारले.

केबिनची पायरी उंच होती. अक्कांचे पाय जमिनीवरही नीट टेकत नव्हते. शालिग्रामभाऊंनी पितांबरकडे पाहिले.

“गाडी जाईल, भाऊ,” पितांबर म्हणाला. “पाणी मारत नेतो मी.”

या वेळी वाक्य मात्र चटकन आले. ट्रक निघून गेला.

मोटरसायकल ढाब्यावर ठेवून तो चालवायला बसला. मागे अक्कांचे डोके मुलाच्या मांडीवर होते. त्यांच्या श्वासात पाणी वाजत होते. मुकटी गावाच्या अलीकडे गाडी थांबली, कॅन रिकामा झाला आणि गाडी पुढे निघाली. मुकटी ओलांडल्यावर ती पुन्हा थांबली. विहीर दिसत नव्हती. शालिग्रामभाऊ रस्त्यात उभे राहून हात करू लागले. एक बस आणि दोन टँकर न थांबता गेले. गाडीत एकच पाणी उरले होते, अक्कांची छोटी बाटली. डॉक्टरांनी मोजून दिलेले दिवसाचे पाणी त्यात होते आणि त्यांनी ते घोटाघोटाने पुरवून ठेवले होते.

“घे,” अक्का म्हणाल्या. पितांबरची नजर बाटलीवर गेलेली त्यांनी पाहिली होती. “मला तसंही कोण पिऊ देतं?” थोड्या वेळाने त्या हसल्यासारख्या झाल्या. “इंजिनाला कॅन आणि मला घोट. चांगली मोजणी आहे, बाबा.”

“आधी तुम्ही घ्या, अक्का.”

त्यांनी ओठ ओले केले आणि बाटली परत केली. उरलेले पाणी तापलेल्या लोखंडावर पडून चुर्र वाजले. पितांबरला मान वर करवेना. गाडी चालू झाली.

पुढे लळिंगच्या डोंगराची निळसर रेघ दिसू लागली. फागणे आले. त्यापुढे धुळे फार दूर नव्हते. पितांबर वेग वाढवीत नव्हता, इंजिन तापू नये म्हणून. आणि कमीही करीत नव्हता, मागचा श्वास ऐकू येत होता म्हणून. मग तो ऐकू येईनासा झाला. झोप लागली असेल, असे त्याने स्वतःला सांगितले.

फागण्याच्या शेवटच्या बाभळीपाशी इंजिन गपकन थांबले. गाडी घरंगळत कडेला आली. आता मारायला पाणी नव्हते. बाहेर उन्हाची लू वाहत होती.

“पितांबर,” शालिग्रामभाऊ म्हणाले, “अक्का शांत झाली.”

हाच शब्द होता. पितांबरने तो काल दिला होता, आज तो त्याच्याकडे परत आला होता आणि या खेपेला त्यात ऐकण्याची चूक होण्याजोगे काहीच नव्हते.

त्याने मागे पाहिले नाही. चावी फिरलेलीच होती. इंजिन मेले तरी डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा जळत होता, भर उन्हात जेमतेम दिसणारा. त्याचा हात सवयीने चावीकडे गेला.

“राहू दे,” शालिग्रामभाऊ म्हणाले. पदर सारखा करून त्यांनी आईचा चेहरा दिव्याच्या बाजूला वळवला. “तिला आवडायचा. आता उशाशी दिवा हवाच. तू गाडी बघ एखादी.”

पितांबरने हात मागे घेतला. दार न वाजवता तो उतरला आणि जळगावकडे जाणाऱ्या बाजूला, रस्त्याच्या कडेला जाऊन हात करून उभा राहिला.