खाचेतली दोन छिद्रं

आप्पांची बोट रविवारी विकायची होती, म्हणून शुक्रवारी मी तिच्या सरकत्या खिडक्यांच्या झिजलेल्या पट्ट्या बदलायला बसले. गिऱ्हाईक खिडकी सरकवून बघतंच, आणि आमच्या काचा म्हाताऱ्याच्या कवळीसारख्या खुळखुळत होत्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते या बोटीवरच राहायचे. गेल्या वर्षी पावसात त्यांचं अंथरूण तीनदा भिजलं. "मी खिडकी लावली होती," असं ते दोन वेळा म्हणाले. दादा म्हणाला, "आप्पा, वय झालं की असं होतं." मीही मान डोलावली. तिसऱ्या वेळी त्यांनी सामानच बांधलं. दादाच्या घरी, मागच्या खोलीत राहायला गेले. तेव्हापासून ते प्रत्येक कडी तीनदा ओढून बघतात आणि नळ बंद केला की परत जाऊन तपासतात.

आत्ता ते धक्क्यावर शेजारच्या नावाड्याशी बोलत उभे होते. मी काच उतरवली आणि खाचेतली जुनी पट्टी उपसली. मीठ बसून ती लाकडासारखी कडक झाली होती. खाच खरवडताना तळाशी, बाहेरच्या बाजूला, दोन पांढरे ठिपके दिसले. सिलिकॉन होतं, आणि ते मीच भरलं होतं.

गेल्या वर्षी पावसाच्या आधी आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते, तेव्हा दोन दिवसांत मी खिडक्या 'दुरुस्त' केल्या होत्या. छिद्रं दिसली, पाणी इथूनच शिरत असणार म्हणून बुजवली. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन मी शाबासकीही घेतली होती.

काच परत बसवली, घट्ट लावली आणि बाहेरून मगभर पाणी ओतलं. खाच भरली, मग पाणी आतला काठ ओलांडून अंथरुणाच्या जागी टपकू लागलं. तारेने सिलिकॉन टोकरून काढलं. सगळं पाणी त्या छिद्रांतून निमूट बाहेर गेलं.

नवी पट्टी बसली की कोणाला काय कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. दादाकडे त्यांना वेळेवर जेवण मिळतं, ऊब आहे, असंही मी मनाला सांगून पाहिलं. पण तो नळ डोळ्यांसमोरून हलेना.

"आप्पा, जरा आत या."

मी सगळं सांगितलं. त्यांनी खाचेत बोट घातलं आणि छिद्रं चाचपली.

"म्हणजे मी खिडकी लावली होती."

"लावली होती. तिन्ही वेळा."

मला रडू आलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"विचारायचं तरी होतंस गं," ते म्हणाले. "ही छिद्रं मी स्वतःच्या हाताने पाडली होती."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता त्या रविवारच्या माणसाला फोन कर. बोट विकायची नाही म्हणावं."

उरलेल्या पट्ट्या आम्ही दोघांनी मिळून बसवल्या. मग दादाकडून त्यांची गादी आणायला निघालो. आप्पांनी खिडकी सरकवली, कडी एकदा दाबली आणि धक्क्यावर चढले. मी मुद्दाम मागे रेंगाळले, ते कडी तपासायला परत येतील म्हणून.

ते चालत राहिले.